शेगडी टेंटच्या आत की बाहेर?

शनिवार आला की आमच्या अंबडमधून टेंट, मॅगी आणि छोटी गॅस शेगडी घेऊन पोरं भंडारदऱ्याकडे सुटतात. आज गोष्ट त्या शेगडीची.

तिची आजी म्हणजे पंपाचा स्टोव्ह. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने तो बनवला. नाव प्रायमस. आधीचे स्टोव्ह वातीचे, भांडी काळी करणारे. ह्यात वातच नाही! स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. रॉकेलची वाफ होते आणि निळी जळते. आजीला विचारा, पिन मारण्यापासून सगळं सांगेल. नान्सेन आणि अमुंडसेन हाच स्टोव्ह घेऊन ध्रुवांकडे गेले. तिकडे मोहिमेचं सामान, इकडे चाळीतला रोजचा चहा.

गॅस आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत आला, बर्मा शेलचा ‘बर्शेन’. पाच किलोचा सिलिंडर पेट्रोल पंपावर मिळायला लागला तो थेट २०१३ मध्ये. पत्त्याचा पुरावा नको, ओळखपत्र पुरे. एमआयडीसीत कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला ह्याचं मोल विचारा.

आत असतं काय? प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन उणे ४२ अंशालाही उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास अडतो. म्हणून बर्फाळ देशातले कॅम्पवाले प्रोपेन मागतात. सह्याद्रीच्या थंडीत आपलं मिश्रण मस्त चालतं.

थंडी वाजली की मात्र कोणीतरी म्हणतंच, “शेगडी आत घे रे.” तर ऐका. १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकेचा रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकात बर्फाखालच्या झोपडीत एकटा राहत होता. ऊब देणाऱ्या स्टोव्हचा धूर नीट बाहेर जात नव्हता. कार्बन मोनॉक्साईड साचत गेला आणि बर्ड अंथरुणाला खिळला. स्टोव्ह विझवावा तर थंडी मारणार, पेटवावा तर धूर. आपण आजारी आहोत हे त्याने तळाला कळवलंच नाही. सुटकेला निघून माणसं मरतील ही भीती. पण त्याचे रेडिओ संदेश विस्कळीत यायला लागले, तिकडच्यांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये ते पोचले. बर्ड वाचला.

आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो.