पायानं चालणारी करवत आणि डॉक्टरांची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात एक काका तपासायला आले. बँकेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. रक्तदाब गोळीनं आटोक्यात, साखर काठावर, ईसीजी ठीक. तक्रार एकच होती, "डॉक्टर, दिवस जात नाही आणि रात्री झोप येत नाही." मी पंचवीस वर्षं जे सांगत आलोय तेच सांगितलं, "काहीतरी छंद लावून घ्या." त्यांनी विचारलं, "कोणता?" आणि मी गप्प झालो. गोळी लिहिताना नाव, मात्रा, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे सगळं आम्ही लिहितो. छंद मात्र असाच हवेत सोडून देतो.

सोबत आलेल्या काकूंनी सुटका केली. "यांना शाळेत असताना फ्रेटसॉचं वेड होतं. आमच्या देवघराला जी लाकडी जाळी आहे ना, ती यांनीच कापलेली." काका जरा लाजले. म्हणाले, "ते लहानपणी हो. आता या वयात काय!"

फ्रेटसॉ हा शब्द ऐकला आणि मला आमच्या कॉलेजच्या रुग्णालयातला व्यवसायोपचार विभाग आठवला. तिथे कोपऱ्यात एक विचित्र यंत्र होतं. खाली सायकलचं पायडल आणि सीट, वर एक छोटं टेबल आणि त्यातून खालीवर होणारं दोऱ्याएवढं बारीक करवतीचं पातं. गुडघ्याचं प्लास्टर काढलेला एक माणूस त्यावर बसून प्लायमधून पोपट कापत होता. आम्ही विद्यार्थी हसलो होतो. ते यंत्र तिथपर्यंत कसं पोचलं ही गोष्ट मला बऱ्याच नंतर कळली आणि काकांना त्या दिवशी मी तीच सांगितली. तुम्हालाही सांगतो.

आधी हत्यार समजून घेऊ. साधी करवत सरळ कापते, कारण तिचं पातं रुंद असतं. पातं जितकं अरुंद, तितकं ते वळणावर सहज फिरतं. फ्रेटसॉमध्ये एक खोल, इंग्रजी यू अक्षरासारखी चौकट असते आणि तिच्या दोन टोकांमध्ये अगदी बारीक पातं ताणून बसवलेलं असतं. लाकडात आधी छोटं भोक पाडायचं, पातं एका बाजूनं सोडवून त्या भोकातून ओवायचं आणि पुन्हा घट्ट करायचं. म्हणजे कडेपासून न कापता फळीच्या मधूनच नक्षी काढता येते. सगळी जाळीची कामं अशीच होतात. हेच पातं टेबलात उभं बसवून मोटरवर किंवा पायावर चालवलं की झाला स्क्रोल सॉ.

युरोपात या बारीक करवतीवर राजवाड्यांचं फर्निचर सजलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे-शार्ल बूल कासवाची पाठ आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापायचा, म्हणजे एकाची नक्षी दुसऱ्याच्या खाचेत नेमकी बसायची. पण ते दरबारी कारागिराचं काम झालं. सामान्य माणसाच्या हातात ही करवत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पायानं चालणाऱ्या स्वस्त यंत्रांमुळे. शिवणयंत्रासारखं पायडल मारायचं आणि दोन्ही हात लाकूड फिरवायला मोकळे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या बार्न्स बंधूंची अशी यंत्रं नावाजलेली होती. इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या डेरहॅम या लहानशा गावातून १८९५ मध्ये 'हॉबीज' नावाचं साप्ताहिक सुरू झालं. त्यासोबत कापायचा नमुना छापून मिळायचा. तो कागद लाकडावर चिकटवायचा आणि रेघेवरून करवत फिरवायची. चित्रकला येत नसलेल्या कारकुनालाही घड्याळाची चौकट करता येऊ लागली. मला वाटतं, नवशिक्याला हिंमत देण्याची याहून चांगली युक्ती क्वचितच कुणाला सुचली असेल. आपल्याकडेही जुन्या रेल्वे स्टेशनांच्या छपराखाली किंवा गिरगावातल्या खोताच्या वाडीत जी लाकडी झालर दिसते, ती याच घराण्यातली कापणी.

आता डॉक्टर लोक यात कुठून आले?

जॉर्ज एडवर्ड बार्टन हा बॉस्टनचा वास्तुविशारद. त्याला क्षय झाला. पुढे डाव्या पायाच्या बोटांवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि नंतर शरीराची डावी बाजूच लुळी पडली. चाळिशीतला माणूस, व्यवसाय संपलेला, अंथरुणाला खिळलेला. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथल्या आरोग्यधामात त्याला एका पाद्र्यानं कामाला लागायला उद्युक्त केलं. बार्टननं तिथेच एक घर घेतलं, बाग आणि सुतारकामाची खोली तयार केली आणि स्वतःवरच प्रयोग सुरू केला. लुळ्या हाताला व्यायाम करायचा म्हणून नव्हे, तर काम पुरं करायचं म्हणून हलवायचं. हात सुधारला. १९१४ मध्ये त्यानं हे घर इतर रुग्णांसाठी उघडलं आणि नाव ठेवलं 'कन्सोलेशन हाउस', म्हणजे दिलासा घर. मार्च १९१७ मध्ये याच घरात सहा माणसं जमली आणि त्यांनी व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्या सहांत मनोविकारतज्ज्ञ असा डॉक्टर एकच होता, विल्यम रश डंटन. बाकीच्यांत दोन वास्तुविशारद, एक समाजसेविका, एक हस्तकलेची शिक्षिका आणि बार्टनची सेक्रेटरी. आमच्या व्यवसायाचा अहंकार जरा बाजूला ठेवून हे वाचावं.

पलीकडे युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं होतं. हजारो तरुण ताठलेले घोटे, न वळणारे गुडघे घेऊन परत येत होते. लंडनमध्ये शेफर्ड्स बुश इथे सर रॉबर्ट जोन्स या अस्थिशल्यविशारदाच्या देखरेखीखाली लष्करी रुग्णालय उभं राहिलं आणि त्यात कार्यशाळा निघाल्या. त्यांच्यासाठी धडपड करणारा माणूस कोण, तर पोर्तुगालचा पदच्युत राजा दुसरा मॅन्युएल! राज्य गेलेलं, इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेला हा तरुण रेड क्रॉसच्या वतीनं सुतारकामाची बाकं आणि यंत्रं जमवण्यात गुंतला होता.

या कार्यशाळांमागचं तत्त्व साधं होतं. ताठलेला घोटा यंत्रानं शंभर वेळा हलवा म्हटलं की वीस वेळानंतर माणूस कंटाळतो, दुखण्याकडे लक्ष जातं, स्नायू आपोआप आखडतात. त्याच माणसाला पायडलच्या करवतीवर बसवा. त्याची नजर रेघेवर असते, रेघ चुकली तर हत्तीची सोंड तुटणार असते आणि पाय तिकडे शेकडो वेळा खालीवर होऊन जातो. पुढे सायकलचं पायडल जोडलेली यंत्रं आली तेव्हा सीटची उंची हीच मात्रा ठरली. सीट खाली घेतली की गुडघा जास्त वळतो, वर केली की कमी. पायडल जड केलं की मांडीला जोर लागतो. म्हणजे आमच्या कोपऱ्यातला तो पोपट कापणारा माणूस खेळत नव्हता, त्याचा गुडघा ठरवलेल्या अंशात वळत होता. हसणारे आम्ही अडाणी होतो.

भारतात हे शास्त्र आलं ते मुंबईत. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, लग्नानंतर कमला निंबकर झालेल्या, यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेमुळे हे नाव आज बऱ्याच जणांना ओळखीचं आहे, पण त्या कोण हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं.

या गोष्टीत रुग्णालयाबाहेरचाही एक तुकडा आहे आणि काकांना तोच सगळ्यात आवडला. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकारानं नकाशा महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला विकला. जिगसॉ पझल म्हणतो ते हेच. हे नाव मात्र पुढे पायडलच्या करवतीवरून पडलं. १९३२-३३ मध्ये अमेरिकेत महामंदी शिगेला पोचली होती. नोकऱ्या गेलेली माणसं घरातच करवत घेऊन बसली आणि पझल कापून विकू लागली, भाड्यानं देऊ लागली. फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स हे न्यूयॉर्कचे असेच दोन बेकार तरुण. त्यांची पझलं पुढे धनिकांच्या घरी गेली. पण मला कौतुक वाटतं ते न गाजलेल्यांचं. कामावर जायचं नाही, घरात तोंड दाखवायची लाज, अशा माणसाला सकाळी उठून काहीतरी पुरं करायला मिळालं. निवृत्तीनंतरची रिकामी सकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे एक सावधगिरीचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी डॉक्टर कसला. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीतला एक अत्यंत विरळ कर्करोग त्यांच्याकडे फारच वेळा येतोय आणि येणारे रुग्ण लाकूडकामगार आहेत. ऑक्सफर्डचे डोनाल्ड अॅचिसन आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे मांडलं. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. घाबरू नका. ते कामगार वर्षानुवर्षं, दिवसभर, धुळीनं भरलेल्या कारखान्यात होते. आठवड्यातून चार तास प्लाय कापणाऱ्याची तुलना त्यांच्याशी होत नाही. पण धडा घ्यायचा. पॉलिश पेपरनं घासताना उडणारी भुकटी सगळ्यात बारीक आणि म्हणून सगळ्यात वाईट. एन-९५ मास्क लावा (कोविडनंतर प्रत्येक घरात एक तरी उरलेला आहे), खिडकी उघडी ठेवा, धूळ झाडून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. दमा असेल तर आधी विचारा. शिसम आणि सागाच्या भुकटीनं काहींच्या त्वचेला खाज सुटते. एमडीएफ मी तरी सुचवत नाही, त्याची भुकटी फार आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेहामुळे बोटं बधिर असतील किंवा हात थरथरत असतील, तर मोटरचं यंत्र नको. हाताचा फ्रेटसॉ पुरतो, शिवाय तो चुकला तर खरचटतं, यंत्र चुकलं तर टाके पडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन टाका. जवळचा चष्मा लावूनच बसा. आणि वीस मिनिटांनी मान वर करा, नाहीतर छंदाचं बिल मानेच्या दुखण्यात भरावं लागेल.

नवशिक्याला माझं सांगणं एवढंच, की मशीन विकत घेऊन सुरुवात करू नका. आधी हाताची चौकट, डझनभर पाती आणि तीन मिलिमीटरचा प्लाय. पात्याचे दात मुठीच्या दिशेनं खाली हवेत, म्हणजे ओढताना कापतं आणि फळी टेबलाला दाबली जाते. फळीला आधार म्हणून टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली पट्टी क्लॅम्पनं बसवा. करवत वळवायची नाही, लाकूड फिरवायचं. ढकलायचं नाही, पात्याला त्याच्या चालीनं चालू द्यायचं. कोपऱ्यावर जागच्या जागी करवत खालीवर करत हळूहळू लाकूड वळवायचं. पहिल्या आठवड्यात पाती तुटणार, सगळ्यांची तुटतात. पाती स्वस्त आहेत, ती तुटण्यासाठीच डझनानं मिळतात.

आता रुग्णालयांतून ती सायकलची करवत बहुतेक ठिकाणी गेली. धूळ, आवाज, जागा, देखभाल, कारणं पटण्यासारखी आहेत. तिच्या जागी स्थिर सायकल आली, तिच्यावर गुडघ्याचा कोन आणि ताकद नीट मोजता येते. तरीही भिंतीकडे बघत रिकामं पायडल मारणारा रुग्ण पाहिला की मला तो पोपट आठवतो. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो, की छंदानं काकांची रक्तदाबाची गोळी बंद झालेली नाही. तशी ती होत नसते. खरं नैराश्य असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर करवत हा उपचार नाही, डॉक्टरकडे या.

काका दोन महिन्यांनी आले ते पिशवीतून एक हत्ती घेऊन. मागचा एक पाय तुटलेला आणि फेविकॉलनं जोडलेला. झोपेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही, मग मीच विचारलं. "येते की," म्हणाले, "पण डॉक्टर, सोंडेच्या आतल्या वळणाला पातं सारखं अडकतंय, त्याचं काय करू?" मला येत नव्हतं. शेवटी आमच्या कंपाउंडरनं सांगितलं, त्याचे वडील सुतार होते, की पात्यावर मेणबत्ती घासा.