भाकर, प्याला आणि वेगळा कप

माझ्या आजीची धाकटी बहीण नेवासे तालुक्यात दिली होती. सासरची माणसं मिशनची. 1956 ला आमचं घर बुद्धाच्या वाटेनं गेलं, तिचं घर मंडळीतच राहिलं. ती पिंपरीला आमच्याकडं यायची तेव्हा बाप हटकून चिडवायचा, "मावशे, तुमी पोटासाठी बाटलात." एकदा तिनं पान चघळायचं थांबवलं आणि म्हणाली, "पोटासाठीच बाटलो रं बाबा. पर गावानं भाकर वरून टाकली व्हती, हितं हातात दिली."

बाप गप बसला. मी तेव्हा शाळेत होतो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आज प्रभुभोजनावर लिहायला बसलोय तो त्या वाक्यासाठी. आपल्यातले काही पोरं म्हणतील, आम्हाला ख्रिस्त्यांच्या विधीशी काय देणंघेणं? मित्रांनो, देणंघेणं आहे. ज्या देशात माणूस कुणाच्या हातचं खातो यावर त्याचं माणूसपण ठरतं, तिथं एका ताटातली भाकर मोडून खाणं हा नुसता विधी राहत नाही.

येसकराची पाळी ज्यांच्या घरात होती त्यांना सांगायला नको. घुंगराची काठी घेऊन दारोदार फिरायचं, जोहार घालायचा, पसरलेल्या फडक्यात शिळा तुकडा वरून पडायचा. हात हाताला लागता कामा नये. तो म्हणे महाराचा हक्क! आता गंमत बघा. मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणलं तेव्हा येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना मोडून दिलेल्या वस्तूला शब्द कोणता वापरला? भाकर. पोळी नाही, पाव नाही. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतही देवाकडं भाकरच मागतात. भाषांतर करणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा. ऐकणाऱ्या येसकराच्या मनात काय झालं असेल? तोच शब्द, पण इथं देणारा खाली बसून देतो, आणि देणारा आणि घेणारा एकाच प्याल्याला तोंड लावतात.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 साली मुंबईला उतरले. 1831 च्या अखेरीला त्यांनी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं केलं. तिथूनच 1842 साली 'ज्ञानोदय' निघाला. नगरला 1839 च्या सुमारास हरी रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणानं बाप्तिस्मा घेतला. आडनावच खिस्ती, योगायोग! 1854 मध्ये तो आणि रामकृष्ण विनायक मोडक, दोघांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. मंडळी मात्र भरत गेली ती महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. म्हणजे पेशवाई बुडून पुरती चाळीस वर्षंही झाली नव्हती, आणि नगर जिल्ह्यात जन्मानं ब्राह्मण असलेला माणूस महाराच्या हातात भाकर देत होता, त्याच प्याल्यातून स्वतः पीत होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला किती ओळी मिळतात? शोधून बघा.

याची धग काय होती ते 1843 च्या मुंबईतल्या खटल्यावरून कळतं. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा लहान भाऊ श्रीपत पाद्री नेस्बिटच्या घरी राहिला, तिथं जेवला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोरगं बापाच्या ताब्यात दिलं. पण खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. पोरगं परत ब्राह्मण होऊ शकतं का? त्यानं काय मानलं हे कुणी विचारलं नाही. त्यानं कुणाकडं खाल्लं एवढंच! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यायची बाजू मांडली, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच काहूर माजवलं. थोरला भाऊ नारायण पुढं जालन्याकडं गेला, मांगांमध्ये राहिला, आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. पोटात गेलेल्या अन्नावरून ज्या घराची जात गेली, त्याच घरातला माणूस मांगाच्या पोरांसोबत एका मेजावर बसला.

आणि 1890 चं पुण्याचं पंचहौद मिशनचं चहाप्रकरण तर तुम्हाला पाठ आहे. रानडे, टिळक, गोखले आणि बाकीची मोठी माणसं मिशनऱ्यांच्या बोलावण्यावरून गेली. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली, आणि पुणं पेटलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. देशाचं पुढारपण करणारी माणसं एका कपापायी असा हिशेब देत होती. त्याच वेळी नगर जिल्ह्याच्या गावागावात निरक्षर महार-मांग दर काही आठवड्यांनी परक्या माणसाबरोबर एका प्याल्याला तोंड लावत होते, आणि त्यांना प्रायश्चित्त द्यायला कुणाला सवड नव्हती. कारण त्यांच्याकडं जायला जातच नव्हती.

पण इथं मला थांबलं पाहिजे. मी मिशनचा भाट नाही.

प्याला एक झाला म्हणून जात गेली काय? महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक वेगळीच राहिली. प्रभुभोजनाला शेजारी, लग्नाच्या पंगतीला लांब. मावशीआजीला मी एकदा सरळ विचारलं, "तुझ्या नातवाला मांगाची पोरगी केली असतीस?" ती हसली आणि चुलीकडं वळली. (आपल्या घरातही हाच प्रश्न विचारून बघा. बौद्ध म्हणवणाऱ्या घरातही चुलीकडं वळणाऱ्या आज्या पुष्कळ आहेत.) दक्षिणेत तर याहून वाईट. सतराव्या शतकात मदुरेला रॉबर्ट द नोबिली या जेसुइटानं वरच्या जातींसाठी वेगळी वाट पाडली. पुढं प्रॉटेस्टंट देवळांतही शूद्र एका बाजूला, परया दुसऱ्या बाजूला, भाकर आधी कुणाला यावर मारामाऱ्या. 1833 साली कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन यानं फर्मान काढलं की देवळात जात बंद. तर तंजावर आणि वेपेरीचे पुष्कळ शूद्र ख्रिस्ती देवळातून उठून गेले. देव सोडला, जात सोडली नाही.

दुसरी गोष्ट शिस्तीची. जुन्या मंडळीत दारू पिला, जत्रेत बकरं कापलं, लेकीचं लग्न जुन्या रीतीनं लावलं, की प्रभुभोजन बंद. नाव काट. मिशनऱ्याला ती शिस्त वाटायची. पण ज्याला गावानं पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकलेलं, त्याला मेजावरून उठवणं म्हणजे काय हे गोऱ्या साहेबाला कळलं असेल असं मला वाटत नाही. या सगळ्याला कंटाळून नारायण वामन टिळकांसारखा माणूस 1917 साली मंडळीची चौकट सोडून बाहेर आला. त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांना जागा.

आता मुद्दा आजाराचा. आपल्या पट्ट्यात, भोसरी, निगडी, चिखलीपासून पार चाकणपर्यंत, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर भाड्याच्या हॉलात रविवारी प्रार्थना चालते. भाकर आणि प्याला घेतल्यानं मुतखडा, दमा, पाठदुखी बरी होते असं सांगतात. आपली पोरं हसतात. हसावं अशी गोष्ट त्यात आहेच. गोळी बंद कर असं सांगणारा कुणी दिसला तर त्याला तिथंच अडवला पाहिजे. 1954 साली ज्या पिंपरीत सरकारनं पेनिसिलीनचा कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभारला, त्या गावात रोगाला जंतू असतो हे नव्यानं सांगायची पाळी येऊ नये. (पुढं तो कारखानाच सरकारी दप्तरात आजारी ठरला, ती वेगळी कथा.)

पण या बरं होण्याच्या समजुतीचं मूळ जिथं आहे तिथं जाऊन वाचा. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात ते आहे. तिथं काय चाललं होतं? पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे. कामावरून उशिरा येणारा गरीब उपाशी राहायचा. पौल त्यांना झापतो, आणि म्हणतो की तुमच्यात इतके आजारी आहेत ते यामुळंच, तुम्ही भाकर खाता पण शरीर ओळखत नाही. शरीर कुठलं, यावर पंडित भांडत राहोत. मागचापुढचा मजकूर वाचला तर मला एकच अर्थ लागतो: शेजारी बसलेला उपाशी माणूस. विधी चुकला म्हणून आजार नाही, पंगतीत भेद केला म्हणून आजार. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा लेखक लिहितो की जे सभेला आले नाहीत त्यांच्या घरी भाकर पोचवली जाई, आणि जमलेली वर्गणी विधवा, अनाथ, आजारी आणि कैदी यांच्यासाठी असे. म्हणजे औषध भाकरीत नव्हतं, भाकर घेऊन जाणाऱ्या पायांत होतं. आजच्या हॉलातल्या किती जणांना हा अध्याय असा शिकवला जातो?

बाबासाहेबांनी हे सगळं पारखलं होतं. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर प्रभाव आहे असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच खडसावलंही की तुम्ही शिकलात पण तुमच्या भावांवरच्या अन्यायाविरुद्ध उठला नाहीत. धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेख इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहेत, ते वाचाच. मुद्दा हा की देवळात एक प्याला आणि चावडीवर जुनाच महार, हे चालणार नाही. 20 मार्च 1927 ला महाडला त्यांनी ओंजळीनं पाणी प्यालं ते भर चौकात, सगळ्या गावाच्या तळ्याचं. देवळातला प्याला आणि चवदार तळ्याची ओंजळ यातला फरक हाच.

आणि सरकारनं काय केलं? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 ला शीख आत आले, 1990 ला आपण बौद्ध. दलित ख्रिस्ती बाहेरच. सुसाई नावाच्या मद्रासच्या चांभार ख्रिस्त्यानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. चांभारांना मिळणारी टपरी धर्मापायी त्याला नाकारली होती. 1985 साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढंच मागासलेपण राहतं हे सिद्ध करा. 2007 ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला. मावशीआजीच्या नातवाचा दाखला ओबीसीचा. माझा अनुसूचित जातीचा. आमच्या आज्या एकाच येसकराच्या लेकी!

तो नातू चाकणला एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडं पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठेक्याचा माणूस म्हणून युनियननं दारात उभं केलं नाही. आमच्या विहारातल्या मंडळींना मी सांगितलं होतं, सगळे हळहळले, जयंतीची गडबड होती, कुणी गेलं नाही. मी स्वतः पंधरा दिवसांनी गेलो. लाज वाटते लिहायला, पण लिहितो. त्या खोलीत गेलो तेव्हा पाळक आणि मंडळीतल्या तीन बाया बसल्या होत्या. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेतात तसं ते घेऊन आले होते. बाटलीच्या टोपणाएवढ्या लहान लहान प्लॅस्टिकच्या पेल्यांत द्राक्षाचा रस. पेले पाहून मला हॉटेलबाहेरच्या फळीवरचा आपला फुटका कप आठवला. नंतर वाचलं की वेगवेगळ्या पेल्यांची ही चाल 1890 च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या जंतूंच्या भीतीनं निघाली. तिथं वेगळा पेला म्हणजे आरोग्य, इथं वेगळा कप म्हणजे जात. आमच्या तोंडाला एकाच वस्तूची दोन चवी लागतात.

भाकर मात्र एकच होती, त्यातल्याच एका बाईनं घरून करून आणलेली, ज्वारीची. पाळकानं मोडली. नातवाचा उजवा हात पट्टीत, म्हणून त्यानं डावा पुढं केला. पाळक माझ्याकडं बघून जरा थांबला. मी म्हणालो, मी बौद्ध आहे. त्या बाया काही बोलल्या नाहीत. प्रार्थना झाल्यावर उरलेली भाकर त्यांनी कालवणाबरोबर ताटलीत वाढली, मला आणि नातवाला एकाच. आम्ही जेवलो. मग मी त्याला भरपाईच्या अर्जाचं विचारलं, आणि अपघाताच्या दिवसाची हजेरी कुणाच्या नावावर लावलीय ते बघायला त्याची पाकिटं उलगडली.