एकट्याचा कॅमेरा आणि सावे दादांच्या २१ गिनी

पौष लागला की आमच्याकडे धालोंच्या गोष्टी निघतात आणि हल्ली त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो : रेकॉर्डिंग करून ठेवायचे आहे, कॅमेरा कोणता घेऊ? विचारणारी मंडळी बहुतेक माझ्यासारखीच. नोकरदार, खिसा बेताचा, सोबतीला माणूस नाही. मी काही तंत्रज्ञ नव्हे, कचेरीत टिपणे लिहिणारा कारकून. पण बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की तो आधी कोणाला पडला होता हे पाहण्याची खोड लागली आहे. हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तो पडलेल्या पहिल्या काही लोकांत एक मराठी माणूस होता.

त्याआधी थोडे एडिसनविषयी. अमेरिकेत त्याच्या कारखान्यात चलच्चित्रे टिपणारे यंत्र तयार झाले खरे, पण ते विजेवर चालणारे भले मोठे धूड होते. ते हलवायचे कसे? म्हणून ज्याला टिपायचे त्यालाच यंत्रासमोर आणून उभे करीत. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली ही गोष्ट उलटी केली. त्यांची लाकडी पेटी पाचेक किलोची, हाताने फिरवायची. तीच पेटी चित्र टिपे, तीच प्रत काढी आणि मागे दिवा लावला की तीच पडद्यावर दाखवी. एक माणूस ती उचलून जगाच्या पाठीवर कुठेही जाऊ शकत असे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला, तो या पेटीच्या हलकेपणामुळेच इतक्या लवकर इथवर पोहोचला, असे मला वाटते.

ल्युमिएर यांची ही चित्रे पाहणाऱ्यांत मुंबईचे एक छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. त्यांनी लंडनहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एकूण २२ पौंड १ शिलिंग आणि तेव्हाच्या १५ रुपयांना एक पौंड या दराने सुमारे ३३० रुपये. (कारकुनाला बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही.) १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. स्टुडिओ नाही, दिवे नाहीत, उघड्यावरचा सूर्यप्रकाश आणि हाताने फिरवायचा दांडा. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मायदेशी परतले, त्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. भारतातले पहिले वार्ताचित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो.

पण इथे एक गोष्ट बहुतेक लोक वाचून पुढे जातात. कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा हातात आला तरी काम पुरे होण्यासाठी बोटीने अर्धे जग ओलांडायचे. पुढे दाखवण्यासाठी प्रोजेक्टर वेगळा घ्यावा लागला. कॅमेऱ्याची किंमत ही एकूण खर्चाची फक्त सुरुवात असते, हे आपल्याकडे १८९९ सालीच दिसले होते.

दादासाहेब फाळके यांना हे पक्के कळले असावे. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, तिथून विल्यमसन कॅमेरा आणला, पण नुसता कॅमेरा नाही. फिल्मला कडेची भोके पाडायचे यंत्र, प्रत काढायचे यंत्र, कच्ची फिल्म, सगळे आणले. भोके पाडण्यात आणि फिल्म धुण्यात सरस्वतीबाईंचे हात होते. मग भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय टिपले, तर कुंडीतल्या वाटाण्याचे रोप. ठरावीक वेळाने एकेक चौकट. नट नको, सेट नको, गर्दी नको. घरात, एकट्याने आणि अगदी थोड्या फिल्ममध्ये होणारा विषय त्यांनी यंत्र पाहून निवडला. ‘राजा हरिश्चंद्र’बद्दल आपण खूप बोलतो, या वाटाण्याबद्दल कमी. मला तरी वाटाणा जास्त शिकवतो.

पुढची काही दशके भराभर सांगता येतील. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म काढली, १९३५ मध्ये स्वित्झर्लंडचा चावीचा बोलेक्स आला. घड्याळासारखी चावी द्यायची, ती अठ्ठावीसेक सेकंद चालायची. शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपायचे. बॅटरीची कटकट नाही, म्हणून जंगलात, डोंगरावर जाणाऱ्या एकट्या माणसाला तो फार आवडला. मात्र तो मुका होता, शिवाय चालताना खरखर करायचा. आवाजासाठी वेगळे टेप यंत्र लागे. १९५० च्या दशकाअखेरीस स्टीफन कुडेल्स्की यांचा नाग्रा तिसरा आला तेव्हा चित्राबरोबर जुळणारा आवाज रस्त्यावर टिपता येऊ लागला, पण त्यासाठी माणसे लागत दोन. एक कॅमेऱ्यामागे, एक टेपमागे. एकट्याची अडचण तिथेच राहिली.

आनंद पटवर्धन यांची गोष्ट याच काळातली. १९७४ साली बिहारमधल्या जयप्रकाशजींच्या आंदोलनात त्यांनी उसन्या सुपर एट कॅमेऱ्याने बरेच टिपले. सुपर एट म्हणजे घरगुती वाढदिवसांची फिल्म, तिची पुढे प्रत कशी काढणार? तर ती पडद्यावर दाखवून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपली. चित्र अर्थातच खडबडीत आले. पण आणीबाणीच्या काळात तो चित्रपट चोरून दाखवला गेला, तेव्हा चित्राच्या खडबडीतपणाविषयी कोण तक्रार करणार होते?

आवाज आणि चित्र एकाच माणसाच्या हाती आले ते व्हिडिओमुळे. १९६७ मध्ये सोनीने पोर्टापॅक काढला. कॅमेरा हातात, टेप यंत्र खांद्यावर, कृष्णधवल चित्र, वीसेक मिनिटांचे रीळ. १९८३ नंतर दोन्ही एकाच खोक्यात बसले. आपल्याकडे हे आले लग्नाच्या कॅसेटच्या रूपाने. ज्यांनी १९९० च्या आसपासची लग्ने पाहिली आहेत त्यांना आठवेल : कॅमेरावाला, मागे हॅलोजन धरणारा पोरगा, त्यामागे वायर सोडवणारा तिसरा, आणि डोळे मिटून अक्षता टाकणारे पाहुणे. कॅमेरा छोटा झाला होता, पण त्याला उजेड फार लागे. असा लवाजमा मांडावर नेला तर धालो राहतात बाजूला आणि बायका फोटोला उभ्या राहतात.

१९९५ च्या मिनी डीव्हीने बरेच सोपे केले. तासाभराची टेप, तिची संगणकावर उतरवलेली प्रत मुळाइतकीच स्पष्ट. फ्रान्सच्या आन्येस वार्दा यांनी सत्तरी ओलांडल्यावर असाच छोटा कॅमेरा स्वतः हातात घेऊन २००० साली शेतात उरलेले वेचणाऱ्या लोकांवर चित्रपट केला. एका हाताने दुसरा सुरकुतलेला हात त्यांनी टिपला आहे, तो पथकाच्या कॅमेऱ्याने टिपलाच गेला नसता. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि मोठ्या भिंगाचे देखणे चित्र आवाक्यात आले. त्याला हेडफोनची खाच नव्हती, आणि एकेक तुकडा बारा मिनिटांच्या आसपास थांबे. चित्र सुंदर, कान बंद.

म्हणून विचारणाऱ्यांना मी उलट्या क्रमाने सांगतो. खिशातला फोन पुरेसा आहे, आधी आवाजाचे पाहा. धालोंत दोन फांती समोरासमोर असतात, एक गाते, दुसरी उचलते. फोन एका फांतीमागे धरला तर समोरचे शब्द दूर जातात, आणि जपायचे आहेत ते शब्दच. एक वेगळा छोटा ध्वनिमुद्रक मधल्या जागेच्या कडेला, वाट अडणार नाही असा ठेवावा. कानाला हेडफोन लावून आधी पाच मिनिटे ऐकावे. मग घट्ट पायांची तिकाटणी, मग जादा बॅटरी. दिवा नकोच. आणि मांडावरच्या जाणत्या बाईला आधी विचारावे. मांड बायकांचा, तेव्हा रेकॉर्डिंग घरातल्याच एखाद्या मुलीने केले तर सर्वांत उत्तम. एका माणसाला चालेल एवढेच सामान असण्याचा हा खरा फायदा.

उरतो सावे दादांचा प्रश्न, टिपल्यानंतरचा. पाच रात्री, रोज तीन तास, म्हणजे १५ तास. फोर-के चित्र शंभर मेगाबिटने घेतले तर तासाला ४५ जीबी, एकूण ६७५ जीबी. साधे एचडी चोवीस मेगाबिटने घेतले तर सगळे मिळून १६२ जीबी. मी एचडी घ्या म्हणतो, आणि वाचलेल्या पैशांत एकाऐवजी दोन हार्ड डिस्क घ्या. एक आपल्याकडे, दुसरी दुसऱ्या गावातल्या पाहुण्याकडे, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. गोव्याच्या पावसाळ्यात किती लग्नांच्या कॅसेटना बुरशी चढली ते घरोघरी कपाट उघडून पाहता येईल. डब्यावर गावाचे नाव, तारीख आणि गाणाऱ्या बायकांची नावे त्यांना विचारून लिहा. आमच्या कचेरीच्या भाषेत, संदर्भ क्रमांकाशिवाय फाइल ठेवू नका.