लंडनमधलं स्वस्त जेवण कुणी आणलं?

लंडनला दोन-तीन दिवसांसाठी आलेली आपली माणसं पहिल्याच दिवशी एक गणित सुरू करतात. दारावरच्या पाटीवर किंमत वाचायची, तिला शंभराने गुणायचं (खरं तर शंभराहून जास्तच, पण तेवढी हिंमत होत नाही!) आणि पुढे चालू लागायचं. मग रात्री खोलीवर चिवडा आणि केटलमधल्या गरम पाण्यातले नूडल्स. "परवडेल असं खायचं तरी कुठे?" हा प्रश्न नातेवाईकांत दर उन्हाळ्यात फिरतो. यादी देणं सोपं आहे, पण यादीतली ठिकाणं बंद पडतात. त्यापेक्षा थोडा इतिहास सांगितलेला बरा. एवढ्या महाग शहरात स्वस्त जेवण आपोआप मिळत नाही. कुणीतरी, कुणासाठी तरी ते मुद्दाम सुरू केलेलं असतं.

हा प्रश्न पडलेला आपल्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे मोहनदास गांधी. १८८८ साली ते शिकायला लंडनला आले. आईला मांस न खाण्याचं वचन दिलेलं, आणि घरमालकिणीच्या बेचव भाज्यांनी पोट भरेना. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की ते रोज दहा-बारा मैल चालत, एखाद्या स्वस्त ठिकाणी शिरून पोटभर पाव खात, तरी समाधान होत नसे. असंच भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं आणि इंग्लंडमधलं पहिलं मनासारखं जेवण तिथे झालं. ते रेस्टॉरंट काही हिंदू मुलांसाठी काढलेलं नव्हतं. त्या काळात लंडनमध्ये शाकाहाराची चळवळ जोरात होती आणि बिनमांसाचं ताट स्वस्त पडायचं, म्हणून कमी पगाराचे कारकूनही अशा ठिकाणी जात. गांधींना त्यांच्या शेजारी जागा मिळाली, एवढंच.

कारकुनांची संख्या वाढली तसे आणखी लोक या धंद्यात उतरले. १८९४ मध्ये लायन्स कंपनीने पिकॅडिलीत पहिलं चहाचं दुकान उघडलं. पांढरा-सोनेरी दर्शनी भाग, स्वच्छ टेबलं, आवाक्यातले दर. पुढे अशी दुकानं शहरभर झाली. ऑफिसात नोकरी करू लागलेल्या मुलींना एकटीने, कुणाच्या नजरा न झेलता बसून खाता येईल अशा जागा तोवर फार थोड्या होत्या. चहा आणि बनच्या किमतीत त्यांना ती जागाही मिळाली. तिकडे पूर्व लंडनमध्ये इटलीहून आलेल्या कुटुंबांनी मजुरांसाठी छोटे कॅफे काढले. बेथनल ग्रीनमधला १९०० सालचा पेलिची कॅफे त्यातलाच. २००५ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

आता पब. आपल्याकडे पब म्हटलं की काळोख आणि कर्कश संगीत डोळ्यापुढे येतं, म्हणून काकू मंडळी दारातूनच परत फिरतात. पण मूळ शब्द आहे पब्लिक हाउस, म्हणजे सगळ्यांसाठी उघडं घर. १८३० च्या बिअर कायद्याने घरपट्टीसारखा कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनींचा परवाना काढून बिअर विकता येऊ लागली. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी आणि मोठ्या बिअर कारखानदारांची मक्तेदारी मोडावी, हा सरकारचा हेतू. जिन काही सुटली नाही, पण कामगार वस्त्यांत हजारो नवी बिअरघरं मात्र झाली. पहिल्या महायुद्धात कामगारांनी दुपारी पिऊ नये म्हणून पब दुपारचे बंद ठेवायला लावले, आणि तो नियम इंग्लंडमध्ये थेट १९८८ पर्यंत टिकला! आज दुपारी तीन वाजता पबमध्ये बसून सूप-ब्रेड खाता येतं, ती त्या मानाने अगदी अलीकडची सोय आहे.

१९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने 'द मून अंडर वॉटर' नावाच्या आदर्श पबवर लेख लिहिला आणि शेवटी असा पब मुळात नाहीच हेही सांगून टाकलं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या वेदरस्पून साखळीने पुढे तेच नाव आपल्या काही पबना दिलं. जुन्या बँका, जुनी थिएटरं घ्यायची, गाणी लावायची नाहीत आणि दर कमी ठेवायचे, ही त्यांची रीत. बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. संत्र्याचा रस घेऊन बसलात तरी कुणी उठवत नाही.

सरकारनेही एकदा स्वस्त खानावळी चालवल्या होत्या. १९४० नंतर बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेल्यांसाठी सार्वजनिक भोजनालयं निघाली. चर्चिलने त्यांना ब्रिटिश रेस्टॉरंट हे नाव दिलं. १९४३ पर्यंत देशभर अशी २,००० हून जास्त झाली, आणि जेवण जास्तीत जास्त नऊ पेन्सला. युद्ध संपल्यावर मात्र ती हळूहळू मिटली.

आणि आपली माणसं? डॉ. आंबेडकर १९२० मध्ये लंडनला परतले तेव्हाच्या हालअपेष्टा धनंजय कीरांच्या चरित्रात आहेत. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, रात्री भुकेला पापडांचा आधार. किंग हेन्रीज रोडवरचं ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. स्मारक बघायला जाल तेव्हा ते पापडही आठवा.

याच १९२० साली लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी इंडियन वायएमसीए सुरू झालं. १९५१ मध्ये कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगच्या मंडळींनी इंडिया क्लब काढला. पुढे तो स्ट्रँडवर, भारतीय उच्चायुक्तालयाजवळ आला. अरुंद जिना चढून वर गेलं की साधी टेबलं आणि डोसा. पत्रकार, वकील, विद्यार्थी, घरापासून लांब आलेला कुणीही. २०१८ मध्ये इमारतीच्या पुनर्बांधणीची योजना नाकारली गेली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सप्टेंबर २०२३ मध्ये क्लब बंद झालाच. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नव्हे, मालकांना तिथे नवं हॉटेल हवं होतं म्हणून. आता स्ट्रँडवर उतरणाऱ्या मुलाला तो जिना नाही.

म्हणून सांगतो, पाटीवरची किंमत वाचण्याआधी आजूबाजूला बघा. इथे रोज कोण जेवतं? आजूबाजूचे कामगार, विद्यार्थी, ऑफिसची माणसं दिसली तर बिनधास्त आत शिरा. त्यांना परवडत नसतं तर ते रोज आले नसते. फिट्झरॉय स्क्वेअरच्या वायएमसीएत बाहेरच्यांनाही जेवता येतं, जेवणाच्या वेळा तेवढ्या विचारून जा. यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर १९७० च्या दशकापासून भेळ मिळते. जिथे जेवाल तिथे समाधानाने जेवा, कारण अशा जागा गिऱ्हाइकांच्या जिवावरच तग धरतात.

चिवडा परतीच्या विमानासाठी ठेवा.