रुंद पडदा आणि त्यामागील यंत्र

पुण्याची मंडई म्हटली म्हणजे अष्टकोनी मनोरा, भाजीचे ढीग आणि तराजूचे कांटे हेंच दृश्य डोळ्यांपुढें उभें राहतें. १८८६ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें हा बाजार सुरू झाला. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं त्यावरील खर्चास विरोध केला होता. कालांतरानें त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें. एखाद्या भव्य वस्तूवर पैसा घालावा कीं न घालावा, हा वाद अशा रीतीनें ह्या परिसराला जन्मापासूनच परिचित आहे.

मंडईला आणखीहि एक इतिहास आहे आणि तो पडद्याचा आहे. १९१५ सालीं बापूसाहेब पाठक यांनीं मंडईलगत ‘आर्यन’ हें चित्रपटगृह उघडलें. पुण्यांतील पहिलें चित्रपटगृह हा मान त्याला दिला जातो. त्या काळीं चित्रपट मुके होते. पडद्यावरील चौकट रुंदीला चार भाग तर उंचीला तीन भाग अशी असे. सेकंदाला सुमारें सोळा चित्रें सरकत आणि तींहि पुष्कळदां हातानें फिरविलेल्या यंत्रांतून. १९३१ सालीं ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि चित्रांचा वेग सेकंदाला चोवीस असा ठरून गेला. आतां हाताची मूठ निरुपयोगी झाली; एकसारख्या गतीनें फिरणारी मोटर, ध्वनि वाचणारें उपकरण आणि कर्णे ह्यांची गरज उत्पन्न झाली. पडद्यावर कांहीं नवें आणावयाचें तर पडद्यामागील यंत्रहि बदलावें लागतें, हा धडा चित्रपटगृहांच्या मालकांना तेव्हांच मिळाला.

दुसरा धडा रुंदीचा. १९५० नंतर अमेरिकेंत दूरचित्रवाणी घरोघर पोंचली आणि चित्रपटगृहें ओस पडूं लागलीं. घरच्या पेटींत न मावणारें कांहीं तरी दाखविणें भाग होतें. १९५३ सालीं ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स कंपनीनें ‘द रोब’ हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीनें प्रदर्शित केला. तिचें मर्म हेन्री क्रेत्यें ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगांत होतें. चित्र घेतांना तें भिंग दृश्य आडवें दाबून नेहमींच्याच फितीवर बसवी. दाखवितांना दुसरें भिंग तें पुन्हां दुप्पट रुंद पसरी. फीत जुनीच राहिली, परंतु प्रकाश अधिक जागेवर पसरल्यानें विरळ होऊं लागला. म्हणून प्रखर दिवे आणि अधिक परावर्तन करणारे चंदेरी लेपाचे पडदे आणावे लागले. नुसतें भिंग घेऊन थांबणाऱ्याच्या वांट्यास मोठें पण फिकें चित्र येई.

भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘कागज के फूल’ हा होय. तो १९५९ सालीं गुरुदत्त यांनीं काढला, छायालेखन व्ही. के. मूर्ति यांचें. गुरुदत्त यांच्या चित्रपटजीवनाची सुरुवात १९४४ च्या सुमारास पुण्याच्याच प्रभात कंपनींत झाली होती. हा चित्रपट आज श्रेष्ठ गणला जातो, परंतु त्या वेळीं तो पडला. नुसत्या रुंदीनें यश विकत मिळत नाहीं, हेंहि त्यानें दाखविलें.

चित्रपटगृहांतील हा रुंद पडदा पुढें घरांत शिरला. चार-तीनची पेटी मागें पडून सोळा-नऊ हें प्रमाण रूढ झालें. २००९ सालीं फिलिप्स कंपनीनें एकवीस-नऊ प्रमाणाचा दूरचित्रवाणी संच काढला आणि २०१२ च्या सुमारास संगणकासाठीं तसेच मॉनिटर निघाले. हेच आजचे ‘अल्ट्रावाइड’. त्यांतील चौतीस इंची जातीची रुंदी उंचीच्या सुमारें २.३९ पट असते. म्हणजे सिनेमास्कोपचाच हा वंशज.

भेद एवढाच कीं चित्रपटांतील दृश्य आधींच टिपलेलें असतें. संगणकावरील खेळांत मात्र प्रत्येक दृश्य त्याच क्षणीं गणित करून रचावें लागतें आणि हें काम ग्राफिक्स कार्ड करतें. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ‘जीफोर्स २५६’ हें कार्ड काढून ‘जीपीयू’ हा शब्द प्रचारांत आणला. दिव्याच्या तेजाची जागा आतां गणिताच्या वेगानें घेतली.

हें गणित साधें आहे. २५६० गुणिले १४४० ह्या पडद्यावर सुमारें ३६ लाख ८६ हजार चित्रबिंदु असतात. ३४४० गुणिले १४४० ह्या रुंद पडद्यावर ४९ लाख ५३ हजार. उंची तीच, परंतु ओझें एक तृतीयांशाहून कांहींसें अधिक वाढलें. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील तर कार्डास दर सेकंदाला २९ कोटी ७२ लाख बिंदु रंगवावे लागतात. १४४ चित्रें हवीं असतील तर ७१ कोटींहून अधिक. रुंदीचा भार मुख्यतः कार्डावर पडतो. गतीचा भार मात्र मुख्य प्रोसेसरवरहि येतो.

म्हणून निवड करतांना प्रथम पडद्याचे बिंदु मोजावे, मग किती गति हवी तें ठरवावें आणि शेवटीं कार्डाकडे वळावें. आजच्या अवजड खेळांना ह्या रुंदीवर १२ जीबी स्मृति असावी, १६ असल्यास निश्चिंती अधिक. २०२५ सालीं निघालेल्या कार्डांपैकीं आरटीएक्स ५०७० मध्यें १२, तर आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीच्या आरएक्स ९०७० मध्यें १६ जीबी आहे. कार्डाला पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय आणि एवढीं चित्रें वाहून नेणारी केबल नसेल, तर महाग कार्डहि पंगु ठरतें.

क्रेत्यें यांच्या भिंगाची युक्तिहि नव्या रूपानें परतली आहे. डीएलएसएस आणि एफएसआर ह्या पद्धतींत कार्ड कमी बिंदूंचें चित्र रचतें आणि मग तें विस्तारून पडदा भरतें. त्यामुळें मध्यम किंमतीचें कार्डहि रुंद पडदा पेलूं शकतें. मात्र मूळ चित्र फारच लहान घेतल्यास बारकावे पुसट होतात. शिवाय कांहीं खेळ रुंद पडदा मानीतच नाहींत. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. आपले आवडते खेळ कोणते, हें पाहिल्यावांचून घेतलेली रुंदी अशा वेळीं रिकामीच राहते.

‘आर्यन’ १९८३ सालीं बंद पडलें. त्या जागीं आज वाहनतळ आहे. परंतु तेथें पडदा चालविणाऱ्यांपुढील प्रश्न आतां घरोघर येऊन ठेपला आहे. मध्यमवर्गीय घरांत अशी खरेदी वारंवार होत नाहीं. सगळा पैसा पडद्यावर घालून यंत्रासाठीं हात आंखडणें, किंवा बलाढ्य यंत्र घेऊन त्यास अरुंद पडदा जोडणें, दोन्ही सारखेंच नुकसानीचें. पडदा आणि यंत्र एकाच तराजूंत तोलून घेणें, ह्यांतच शहाणपण आहे.