पाच रेघांवर आलेली गिटार

पाच रेघांचं पाश्चात्त्य नोटेशन गिटार शिकणाऱ्याला जड जातं, ही जुनी तक्रार आहे. पियानो किंवा व्हायोलिन शिकणारं मूल ते पहिल्या धड्यापासून वाचू लागतं. गिटारवर हात छान बसलेला माणूस मात्र कागद समोर आला की अडखळतो. याचं खापर बहुधा त्याच्या आळसावर फोडलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. ही लिपी गिटारच्या घरात जन्मलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारने स्वतःची चालती लिपी बाजूला सारून ती स्वीकारली, ती इतर वाद्यांशी आणि गायकांशी एका कागदावर बोलता यावं म्हणून. आजच्या विद्यार्थ्याची अडचण ही त्या व्यवहारात मोजलेली किंमत आहे.

आधीची लिपी म्हणजे टॅब्लेचर. व्हेनिसचा मुद्रक पेत्रुची याने १५०७ साली ल्यूट या तंतुवाद्यासाठी ते छापलं; स्पेनमध्ये गिटारसारख्या विहुएलासाठी लुईस मिलानचं ‘एल माएस्त्रो’ १५३६ साली व्हॅलेन्सियात निघालं; आणि १५४६ साली सेव्हिलला छापलेल्या अलोन्सो मुदार्राच्या पुस्तकात चार जोडतारांच्या गिटारच्या रचना आल्या. गिटारचं सर्वांत जुनं ज्ञात छापील संगीत ते हेच. रचना सोपी होती: तारांच्या प्रत्येक जोडीला एक रेघ, रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर (फ्रेटवर) बोट, शून्य म्हणजे मोकळी तार, आणि वर लयीच्या खुणा. फ्रेंच लोक आकड्यांऐवजी अक्षरं लिहीत. १६०६ साली माँतेसार्दोच्या पुस्तकातून ‘आल्फाबेतो’ छापून आली. तिच्यात एक अक्षर म्हणजे एक अख्खा कॉर्ड. तिथला ‘ए’ हा ए कॉर्ड नसून जी मेजर होता, कारण अक्षर स्वराचं नसून हाताच्या बैठकीचं होतं. स्वरांची नावं ठाऊक नसली तरी साथ करता येई. गास्पार सान्सने १६७४ साली झारागोसातल्या आपल्या पुस्तकात ही अक्षरं आणि आकड्यांचं टॅब्लेचर दोन्ही वापरली. अडीचशे वर्षं गिटारचं उत्तमोत्तम संगीत असं लिहिलं गेलं. त्याला अडाण्यांची सोय म्हणणाऱ्याने एकदा सान्स ऐकावा.

मग टॅब्लेचर का गेलं? एक कारण उघड आहे: टॅब्लेचर फक्त त्याच वाद्यावर, त्याच जुळणीत वाजवणाऱ्याला कळतं. गाणाऱ्याला किंवा व्हायोलिनवाल्याला त्या आकड्यांचा उपयोग नाही. गळ्याला गिटारची साथ घेण्याची हौस पॅरिसमध्ये वाढली, तेव्हा सर्वांना वाचता येईल असा कागद लागला. १७६०च्या दशकात मिशेल कोरेतच्या पुस्तकाने दोन्ही लिप्या शेजारी शेजारी शिकवल्या. १७९९ साली माद्रिदमध्ये फेरांदिएरे आणि मोरेत्ती यांची पुस्तकं पाच रेघांवरच उभी राहिली. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. टॅब्लेचरवरच्या खुणा पुढचा आघात केव्हा हे सांगतात. आधीचा सूर किती वेळ घुमत ठेवायचा हे सांगत नाहीत. खर्जाची मोकळी तार तीन मात्रा घुमते आहे आणि वर चाल सरकते आहे, हे त्यात दिसत नाही. गिटारचं सुरुवातीचं नोटेशनही व्हायोलिनसारखं एकेरी लिहिलं जाई, त्यामुळे हे तिथेही दिसत नसे. मोरेत्ती, आणि पुढे सोर व जुलियानी या गिटारकारांनी चालीच्या टिंबांच्या काड्या वर आणि खर्जाच्या खाली काढल्या, तेव्हा एकाच वाद्यातले दोन-तीन आवाज कागदावर वेगळे झाले. सोरने आपल्या पुस्तकात मोरेत्तीचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. माझ्या मते गिटारच्या नोटेशनचा खरा जन्म हा.

किंमत मात्र मोठी पडली. पियानोवर एका सुराला एकच पट्टी. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. टॅब्लेचर जागा सांगत होतं. पाच रेघा सूर सांगतात आणि जागा वाचणाऱ्यावर सोडतात. शिवाय गिटारचा सूर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. जागेचा गोंधळ कमी करायला वर्तुळातला आकडा तारेसाठी आणि रोमन आकडा फ्रेटसाठी लिहिण्याची रीत पडली.

यावर कोणी म्हणेल, जँगो राइनहार्ट आणि वेस मॉन्टगोमेरी हे जॅझ गिटारवादक नोटेशन वाचत नव्हते, त्यांचं काय अडलं? वादनात काहीच अडलं नाही. पण त्यांचं संगीत कानातून आलेलं होतं; प्रश्न दुसऱ्याने लिहिलेलं, आधी न ऐकलेलं वाजवण्याचा आहे. त्याचं उत्तर आपल्याकडच्या इतिहासातही आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात टिकले, त्यात या वाचनाचा वाटा मोठा होता. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरने लिहिलेला भाग समोर ठेवायचा आणि वाजवायचा, हे पाठांतरावर चाललं नसतं. दुसरा आक्षेप असा की जागा न सांगणारी लिपी अपुरीच. पण भातखंडे यांची स्वरलिपीही सतारीचा पडदा सांगत नाही. ती सूर आणि मात्रा सांगते, म्हणून तीच बंदिश गायक आणि सतारिया दोघेही घेऊ शकतात. आणि तोच ‘ई’ चौथ्या तारेवर जाड, पहिल्या तारेवर उजळ लागतो. तो कुठे घ्यायचा हा निर्णय वादकाचा राहतो.

शिकवण्यात चूक होते ती इथे. विद्यार्थ्याला एकेक टिंब एकेका जागेला चिकटवायला लावतात, आणि हात पाचव्या फ्रेटवर सरकला की ती सगळी पाठांतरं कोलमडतात. सोरने १८३०च्या आपल्या पुस्तकात बोटांची बैठक तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या जोड्यांवर बांधली होती: दोन टिंबांमधलं अंतर डोळ्याने ओळखायचं आणि शेजारच्या तारांवर त्याचा आकार हाताला ठाऊक असायचा. तो आकार मानेवर वरखाली सरकतो, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेची जोडी आली की एका फ्रेटने बदलतो, कारण त्या दोन तारांची जुळणी इतर जोड्यांपेक्षा अर्ध्या सुराने जवळ आहे.