शिकागोची रिलायन्स इमारत

लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु वर भाडेकरू नांदत असतां त्यांच्या पायांखालचें घर बदलून पाहावें, असें कोणीं सुचविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिकागो शहरांत १८९० च्या सुमारास हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. स्टेट व वॉशिंग्टन ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एक जुनी इमारत विल्यम हेल ह्यानें घेतली होती. हेल हा लिफ्टच्या धंद्यांत पैसा मिळविलेला गृहस्थ. घरें उंच होण्यांत आपला लाभ आहे, हें त्याला कोणीं सांगावयास नको होतें. अडचण एवढीच कीं, वरच्या मजल्यांवरील भाडेकऱ्यांचे पट्टे १८९४ पर्यंत संपावयाचे नव्हते. तेव्हां ते मजले जॅकांवर तोलून धरून खालीं नवा पाया व नवा तळमजला बांधण्यांत आला. पट्ट्याची मुदत मालकानेंहि पाळली, ही गोष्ट आम्हांस त्या यंत्रचातुर्याइतकीच नमूद करण्यासारखी वाटते.

तळमजल्याची योजना जॉन रूट ह्याची. जानेवारी १८९१ मध्यें तो अकालीं वारला, आणि वरच्या भागाविषयीं त्याच्या मनांत काय होतें तें त्याच्याबरोबरच गेलें. त्याचा भागीदार डॅनिअल बर्नहॅम हा १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणींत गुंतला होता. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळें विवेकानंदांचें नांव जगभर झालें. बर्नहॅमनें उरलेलें काम चार्ल्स ॲटवुड ह्याजकडे दिलें.

पुढें जें उभें राहिलें तें त्या काळच्या दृष्टीला चमत्कारिकच वाटलें असेल. पूर्वीं उंच घर म्हणजे जाड भिंतींचें घर. येथें सारा भार पोलादी सांगाड्यावर. वरच्या मजल्यांचा सांगाडा तर पंधरा दिवसांत चढविला गेला. भिंतीला भार वाहावयाचा नाहीं, तर ती जाड कशास हवी? म्हणून खांबांमधील बहुतेक जागा कांचेला दिली: मध्यें एक मोठी न उघडणारी तावदानी खिडकी आणि दोहों बाजूंस हवेसाठीं उघडणाऱ्या अरुंद खिडक्या. उरलेल्या भागावर पांढरी, झिलई दिलेली भाजक्या मातीची कवचें. कोळशाच्या धुरानें काळवंडलेल्या शहरांत पांढरा रंग निवडणें हें वेडेपणाचें वाटेल. पण पाऊस आला कीं इमारत आपोआप धुतली जाईल, अशी त्यांत अटकळ होती. अनुभव मात्र तितका शुभ्र ठरला नाहीं.

१८९५ सालीं इमारत पुरी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ॲटवुडहि निवर्तला. वैद्य व दंतवैद्य ह्यांनीं येथें खोल्या घेतल्या. ज्यांचा धंदा बारीक नजरेचा, त्यांना उजेडाची किंमत अधिक. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कचेऱ्यांना विस्तीर्ण मजले हवेसे झाले. कोपऱ्यावरील ही चिंचोळी जागा त्यांना पुरेना. वरचे मजले ओस पडले, माथ्यावरील कंगोरा गेला, पांढरें अंग मळलें. १९७६ सालीं राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला खरा, पण मानानें कांहीं छप्पर शाकारत नाहीं. अखेर १९९० नंतर नगरपालिकेनें हात घातला, बाह्यांग दुरुस्त झालें, आणि १९९९ सालीं तेथें १२२ खोल्यांचें हॉटेल उघडलें. जो चिंचोळेपणा कचेरीला नडला तोच हॉटेलच्या कामीं आला. प्रत्येक पाहुण्याला खिडकी हवीच असते.

मुंबईंत ह्याच्या उलट घडलें. १८६९ च्या सुमारास काळ्या घोड्याजवळ लोखंडी सांगाड्यावर उभारलेलें वॉटसनचें हॉटेल पुढें वकिलांच्या कचेऱ्यांचें आगर बनलें, आणि २००५ सालीं त्याचा कांहीं भाग कोसळला. दोहोंतील फरक निव्वळ दैवाचा नव्हे, हें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

शिकागोच्या हॉटेलला आरंभीं बर्नहॅमचें नांव दिलें होतें, व तळमजल्यावरील उपाहारगृहाला ॲटवुडचें. ज्यानें पाया घातला त्या रूटच्या वांट्याला तेथें पाटीवरील एक अक्षरहि आलें नाहीं. वरच्या बोळांतून मात्र जुन्या कचेऱ्यांच्या धाटणीचीं कांचेचीं दारें राखलेलीं आहेत. रात्रीं निजावयास जाणारा प्रवासी एखाद्या दंतवैद्याच्या खोलींत शिरल्यासारखा आंत जातो.